पिल्लू पाहिलेत, पण त्याची आई पाहिलीत का?



मांजर हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. आजवर आपण इथे गुडघे, मोतीबिंदू, रक्तातली साखर आणि बद्धकोष्ठ यांच्याच भोवती फिरत आलो. पण गेल्या वर्षभरात मला चार घरांतून एकच प्रश्न आला. दोन घरे इथली, सिंगापूरची. एक ठाण्याचे, एक अशदोदचे. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, घरात आपण आणि टी.व्ही. मग एक दिवस कोणीतरी म्हणते, "आईला सोबत होईल, एखादे छान जातीचे मांजर आणू या." आणणार मुले, पैसे भरणार मुले, पण दिवसभर सांभाळणार आपण. तेव्हा ते पिल्लू कुठून येते आणि त्याच्या अंगात काय दडलेले असू शकते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

सिंगापुरात हा प्रश्न आताच का निघाला, तेही सांगते. मी मुलीकडे राहते ते घर एच.डी.बी.चे, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीतले. या देशातली दहापैकी जवळजवळ आठ माणसे अशाच घरांत राहतात. १९८९ पासून या घरांत मांजर पाळायला बंदी होती. ठरावीक जातीचा लहान कुत्रा चालायचा, मांजर नाही. मांजर घरात टिकत नाही, केस गाळते, रात्री ओरडते, अशी कारणे दिली जात. लोक पाळायचे ते गुपचूप. २०१२ मध्ये यिशुनमधल्या चोंग पांग भागात परवानगी देऊन प्रयोग करून पाहिला, आणि शेवटी १ सप्टेंबर २०२४ ला बंदी उठली. आता एका घरात दोन मांजरे ठेवता येतात. त्यांना लायसन्स लागते. कातडीखाली मायक्रोचिप बसवावी लागते, ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, आणि इंजेक्शनसारखीच टोचतात. मालकाला एक मोफत ऑनलाइन कोर्स पुरा करावा लागतो. मांजराला जिन्यात, व्हरांड्यात मोकळे सोडायचे नाही, म्हणून खिडक्यांना जाळी लावायची. ज्यांच्याकडे आधीपासून मांजरे होती त्यांना नोंदणीसाठी ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत मुदत दिली. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यांना जाळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

बंदी उठली की हौस वाढते, आणि हौस वाढली की बाजारात सगळ्या तऱ्हेची माणसे उतरतात.

मांजर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती कोकणातल्या घरातली मनी. तिला कोणी विकत आणले नव्हते. ती आपली आपण आली, उंदीर मारले, माळ्यावर व्याली, आणि पिल्ले शेजारी वाटून झाली. जातिवंत मांजराची गोष्ट निराळी. पर्शियन, ब्रिटिश शॉर्टहेअर, रॅगडॉल, मेन कून, स्कॉटिश फोल्ड अशी त्यांची नावे, आणि किंमत हजारो डॉलरांत. 'पेडिग्री' हे आपल्याकडे कुत्र्याच्या खाण्याच्या पुड्यावरून माहीत झालेले नाव, पण त्याचा अर्थ वंशावळ. पिल्लाबरोबर एक कागद मिळतो, त्यावर आई-बाप, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा अशी तीन-चार पिढ्यांची नावे असतात.

हा कागद वाचायला आपल्या समाजातल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवायला नको. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही आडनावे ऐकली की कोण कुणाचे कोण लागते ते आपण बोटांवर मोजतो. लहान समाजात लग्न जमवताना जे पाहतो, तेच इथे पाहायचे. आईच्या बाजूला आणि बापाच्या बाजूला तेच तेच नाव पुन्हा पुन्हा येते का? येत असेल तर जवळच्या नात्यात जोडी लावली आहे. तसे केल्याने रंग आणि चेहरा हवा तसा उतरतो, पण घराण्यात लपलेला आजारही दोन्हीकडून येऊन एकत्र भेटतो.

आणि कागद म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही लक्षात ठेवा. त्याचे उदाहरण सिंगापूरचेच आहे. 'सिंगापुरा' नावाची एक चिमुकली, बदामी रंगाची, मोठ्या डोळ्यांची जात आहे. १९७५ मध्ये हॅल आणि टॉमी मेडो या अमेरिकन जोडप्याने तीन मांजरे अमेरिकेत नेली आणि ही सिंगापूरच्या रस्त्यांवरची, गटारांतली अस्सल देशी जात आहे असे सांगितले. जात मान्य झाली, सिंगापूरच्या पर्यटन खात्याने तिला 'कुचिंता' असे लाडाचे नाव देऊन आपले चिन्ह केले, नदीकाठी कॅव्हेना पुलाजवळ तिचे पुतळे बसले. पण १९८७ मध्ये जेरी मेयेस नावाच्या दुसऱ्या अमेरिकन ब्रीडरला इथे कागद सापडले, त्यांत तीच तीन मांजरे १९७४ मध्ये अमेरिकेहून सिंगापुरात आणल्याची नोंद होती. मेडो जोडप्याने आपला खुलासा दिला, नोंदणी संस्थेने त्यांना दोषी धरले नाही, आणि जात कायम राहिली. मात्र पुढे तिची जनुके तपासली तेव्हा ती बर्मीज जातीच्या फार जवळची निघाली, आणि आपसांतला फरकही फार थोडा. पुलाजवळचे ते पुतळे मात्र पाहण्यासारखे आहेत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जावे.

म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते. पिल्लू नंतर पाहा, आधी त्याची आई दाखवा म्हणा.

पिल्लू सगळेच गोड असते. दोन महिन्यांचे कुठलेही पिल्लू हातात दिले की माणूस विरघळतो, आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. आई खोटे बोलत नाही. ती अंगाने कशी आहे, केस विरळ झालेत का, हाडे लागतात का, माणूस जवळ आला की अंग चोरते की येऊन पायाला अंग घासते, यावरून त्या घराची सगळी रीत कळते. स्थळ पाहायला गेल्यावर मुलीपेक्षा तिच्या घरातली माणसे एकमेकांशी कशी बोलतात ते आपण पाहतो, तसेच हे. "आई गावी आहे", "आई दुसऱ्या फार्मवर आहे", "मॉलच्या दाराशी या, पिल्लू तिथेच आणून देतो" असे कोणी म्हटले की नमस्कार करून परत फिरावे.

चांगला ब्रीडर तुम्हाला घाई करत नाही. उलट तोच तुमची उलटतपासणी घेतो. घरात कोण कोण असते, खिडक्यांना जाळी आहे का, तुमचे वय काय, तुम्ही आजारी पडलात तर मांजराला कोण पाहील. मुलांना कधी कधी हे अपमानास्पद वाटते. मला तर असा प्रश्न विचारणारा माणूस पाहिला की हायसे वाटते. त्याच्याकडे बहुधा एक किंवा दोनच जाती असतात, पिल्ले वर्षभर 'तयार' नसतात, थांबावे लागते. बारा-तेरा आठवड्यांच्या आत तो पिल्लू देत नाही. त्याला कारण आहे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसाच्या हाताला, आवाजाला, मिक्सरच्या घरघरीला सरावते. त्यानंतर आई आणि भावंडे त्याला चावायचे किती आणि नख कधी आत घ्यायचे ते शिकवतात. सहाव्या आठवड्यात आईपासून तोडलेले पिल्लू पुढे चावरे निघू शकते, आणि आपल्या वयात हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते, हे विसरू नका.

आता आजारांकडे वळते. इथे जरा सावकाश वाचा, कारण पैसे आणि डोळ्यांतले पाणी दोन्ही इथेच जाते.

पर्शियन आणि पर्शियन रक्ताच्या जातींत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. आई-बापांपैकी एकाला असला तरी निम्म्या पिल्लांत उतरू शकतो. पिल्लू जन्मतः ठणठणीत दिसते. गाठी हळूहळू वाढतात आणि साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मांजर पाणी जास्त पिऊ लागते, वाळते, उलट्या करते. तोवर घरादाराचा जीव तिच्यात अडकलेला असतो. २००४ मध्ये या आजाराचे जनुक सापडले, तेव्हापासून तपासणी अगदी सोपी आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा आणि लॅबला पाठवायचा. ती न करता पर्शियनची पैदास करणाऱ्याला माफी नाही, असे माझे मत आहे.

मेन कून आणि रॅगडॉल जातींत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. मेन कूनमधला जनुकदोष २००५ मध्ये आणि रॅगडॉलमधला २००७ मध्ये सापडला, तेव्हा त्याचीही तपासणी आहे. ब्रिटिश शॉर्टहेअरलाही हा आजार होतो, पण तिथे जनुकावर विसंबता येत नाही, आई-बापांच्या हृदयाची सोनोग्राफी पाहावी लागते. हा आजार असलेले मांजर वरून धडधाकट असते आणि एखाद्या सकाळी मागचे दोन्ही पाय लुळे पडून किंचाळू लागते, कारण हृदयात झालेली गुठळी खाली सरकून रक्त अडते. तेव्हा "आई-बापांचा इको झाला आहे का, कधी, कागद दाखवा" असे विचारायला लाजू नका. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या फायलीत इकोचे दोन-चार कागद असतातच, शब्द नवा नाही.

ब्रिटिश शॉर्टहेअरबद्दल आणखी एक. ज्यांनी बाळंतपणे पाहिली आहेत त्यांना आर.एच. निगेटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह बाळ यांची पंचाईत माहीत आहे. मांजरांतही रक्तगट असतात, मुख्य ए आणि बी. या जातीत बी गटाच्या माद्या बऱ्याच असतात. बी गटाच्या मादीला ए गटाचा नर दिला तर ए गटाची पिल्ले आईचे पहिले चिकाचे दूध पितात आणि त्या दुधातली द्रव्ये पिल्लांच्याच रक्तपेशी फोडतात. जन्मतः हसतखेळत असलेली पिल्ले दोन-तीन दिवसांत जातात. म्हणून ब्रीडरला सहज विचारावे, "दोघांचे रक्तगट कोणते?" चटकन उत्तर आले तर समजावे की माणूस अभ्यास करून बसला आहे. तो गोंधळला तर तेही उत्तरच.

आणि आता स्कॉटिश फोल्ड, कारण इथल्या नातवंडांना नेमके तेच हवे असते. पुढे दुमडलेले कान, घुबडासारखा गोल चेहरा. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सुझी नावाची पांढरी मांजर दुमडलेल्या कानांची निघाली, तिच्यापासून ही जात आली. कान दुमडतो कारण त्यातला कूर्चा दुबळा असतो. पण कूर्चा काही कानातच नसतो. घोट्यात, मनगटात, शेपटीच्या मणक्यांत, सगळीकडे तोच दोष असतो. दुमडलेल्या कानाच्या प्रत्येक मांजरात हे कमीअधिक प्रमाणात असतेच, आणि कित्येकांची शेपटी कडक होते, पाय जाड होऊन सांधे धरतात, उडी मारणे बंद होते. ब्रिटनच्या नोंदणी संस्थेने १९७०च्या दशकातच या जातीची नोंद थांबवली. आपण संधिवाताची माणसे. सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना काय होते ते आपल्याला माहीत आहे. तेच दुखणे जन्माबरोबर मिळालेले जनावर, केवळ ते गोजिरवाणे दिसते म्हणून पैसे देऊन घ्यावे, हे माझ्या मनाला पटत नाही. त्याच घरातली सरळ कानांची पिल्ले या दोषापासून मुक्त असतात, पण ती कोणी मागत नाही.

अगदी चपट्या तोंडाच्या पर्शियनचेही तसेच. डोळे सतत गळतात, श्वास घरघरतो, आणि सिंगापूरच्या दमट हवेत त्या केसांच्या ओझ्याखाली ए.सी.शिवाय तिचे हाल होतात. विजेचे बिल कोण भरणार, तेही आधी ठरवावे.

समजा ब्रीडर चांगला वाटला, आई पाहिली, कागद पाहिले. मग पिल्लू हातात घ्या आणि नवा पेशंट वॉर्डात आल्यावर सिस्टर पाहते तसे डोक्यापासून पाहा. डोळे स्वच्छ हवेत, तिसरी पापणी वर आलेली नको. नाक कोरडे वाहते ते कळले पाहिजे, शिंका नकोत. कानांत कॉफीच्या चोथ्यासारखे काळे दिसले तर ते किडे. हिरड्या गुलाबी हव्यात. पोट ढोलासारखे फुगलेले आणि पाठीचा कणा हाताला टोचतो, असे असेल तर जंत. शेपटीखाली पाहायला संकोचू नका, तिथे जुलाबाची खूण लगेच दिसते. कातडीवर कुठे गोल, केस गेलेला, कोंडा धरलेला चट्टा आहे का? तो गजकर्णाचा असू शकतो, लांब केसांच्या पिल्लांत फार आढळतो, आणि आठवड्याभरात आजीच्या हातावरही तसाच चट्टा उमटतो. वजन विचारा. साधारण महिन्याला अर्धा किलो या हिशेबाने तीन महिन्यांचे पिल्लू सव्वा ते दीड किलोचे असते, मोठ्या जातींचे याहून जास्त. लसींचे कार्ड पाहा, त्यावर डॉक्टरांची सही, तारीख आणि लसीच्या बाटलीवरची चिठ्ठी चिकटवलेली हवी. नुसते पेनने 'व्हॅक्सिन डन' लिहिलेले चालत नाही. बारा आठवड्यांपर्यंत दोन डोस झालेले असावेत, आणि मायक्रोचिपचा नंबर कागदावर व पिल्लात एकच आहे, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

सिंगापुरात विक्रीसाठी पैदास करायला आणि दुकान चालवायला सरकारच्या पशुवैद्यकीय विभागाचे लायसन्स लागते. राहत्या एच.डी.बी. घरात पिल्लांचा धंदा चालत नाही. हा विभाग २०१९ पासून नॅशनल पार्क्स बोर्डाखाली आहे, आणि लायसन्स असलेल्यांची यादी त्यांच्याकडे पाहायला मिळते. नातवाला बसवून पाहायला सांगा. बेंगाल जातीचे पिल्लू कोणी देऊ केले तर आणखी सावध राहा. ही जात रानमांजराच्या संकरातून आली, आणि इथे पाचव्या पिढीच्या पुढचीच चालतात, तीही कागदांनिशी.

स्वस्तातले पिल्लू बहुधा समुद्राच्या पलीकडून आलेले असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुआसच्या नाक्यावर मलेशियाहून आलेल्या एका लॉरीत २६ कुत्र्यांची पिल्ले आणि एक मांजर लपवलेले सापडले. बरीच पिल्ले पुढे आजाराने मेली, आणि आणणाऱ्याला तुरुंगवास झाला. यात नुसती दयेची गोष्ट नाही. सिंगापुरात १९५३ पासून रेबीज नाही, आणि असा चोरून आणलेला एक प्राणी ती सत्तर वर्षांची राखण मोडू शकतो. याच कारणाने भारतातून स्वतःचे मांजर इकडे आणायचे असेल तर आयात परवाना, रेबीजची लस, रक्ताची तपासणी आणि विलगीकरण हे सगळे करावे लागते. मुलांकडे कायमचे राहायला येणाऱ्यांनी ही तयारी काही महिने आधी सुरू करावी, तिकीट काढल्यावर नव्हे.

आता तुमच्या प्रकृतीविषयी.

दमा किंवा ॲलर्जी असेल तर पैसे देण्यापूर्वी ब्रीडरच्या घरी दोन वेळा जाऊन तासभर बसा. 'ॲलर्जी न होणारी जात' असे सांगून पिल्ले विकतात, ते खरे नाही. ॲलर्जी केसांची नसून मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते, आणि अंग चाटून ते ती सगळीकडे लावते. बिनकेसांचे मांजरही चाटतेच.

मांजराचा दात सुईसारखा. जखम टोचल्याएवढी दिसते, पण जंतू खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर चावल्यावर साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. भारतातल्या वाचकांनी पंधरा मिनिटे धुवावे आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जावे, मग मांजर घरचे का असेना. वाळूचा ट्रे रोज साफ करा. मांजराच्या शीतून येणाऱ्या एका परजीवीची अंडी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी बाधक होतात, म्हणजे रोज काढलेली घाण फारशी धोक्याची नसते. तरी घरात गरोदर सून असेल, किंवा कोणाची केमोथेरपी चालू असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे. रात्री पायात घोटाळणारे मांजर म्हणजे पडण्याला आमंत्रण, म्हणून बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा.

धोका एकाच बाजूने नसतो. आपल्या औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्त तपकिरी होते, श्वास लागतो. "बिचारी तापली आहे, क्रोसिनचा तुकडा देते" असे म्हणणारी प्रेमळ माणसे मी ऐकली आहेत. देऊ नका, आणि खाली पडलेली गोळी लगेच उचला. आपल्या रश्शातला कांदा-लसूणही तिच्या रक्तपेशी फोडतो, तेव्हा उरलेल्या मटणाच्या रश्श्यात भात कालवून घालायची आपली जुनी रीत सोडावी लागेल. गाईच्या दुधाने मोठ्या मांजराला जुलाब होतात. लिलीची फुले तर घरात नकोतच. तिचा परागकण किंवा फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. शब्बाथच्या टेबलावर दुसरी फुले ठेवा.

ऑपरेशनचा विषय आपल्या घरांत अडतो, म्हणून स्पष्ट लिहिते. इथे ऑपरेशन झालेल्या मांजराला आयुष्यभराचे लायसन्स मिळते, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. नर खुणा करत नाही, मादीला गर्भाशयाचा पू होत नाही. पण लेवीय २२:२४ मुळे जनावराची नसबंदी करणे किंवा करवणे याबद्दल आपल्यात शंका घेतली जाते. ज्यांना ती वाटते त्यांनी रब्बींना विचारावे. सोपा मार्ग असा की आधीच ऑपरेशन झालेले मांजर घ्यावे. पुष्कळ जबाबदार ब्रीडर पिल्लू देण्यापूर्वीच ते करून देतात, कारण त्यांच्या पिल्लांवर दुसऱ्या कोणी धंदा करू नये अशी त्यांची इच्छा असते. पेसाहच्या आठ दिवसांत मांजराच्या कोरड्या खाण्यात गहू आहे का ते पुड्यावर वाचा. असेल तर बिनगव्हाचे आधी आठवडाभर मिसळत मिसळत सुरू करा, एकदम बदलले की पोट बिघडते.

शेवटी वयाची गोष्ट. घरात नीट सांभाळलेले मांजर पंधरा वर्षे सहज जगते. मी सत्तरी ओलांडली आहे. हा हिशेब करताना वाईट वाटून घ्यायचे कारण नाही, पण करायला हवा. म्हणून पत्र लिहिणाऱ्या चौघांनाही मी एकच सुचवले. ब्रीडरकडे पिल्लू मागू नका, 'निवृत्त' मांजर आहे का विचारा. पैदाशीतून काढलेल्या पाच-सहा वर्षांच्या माद्या चांगले ब्रीडर ऑपरेशन करून, थोड्या पैशांत, चांगले घर पाहून देतात. पिल्लासारखी ती पडद्यावर चढत नाही. तिचा स्वभाव पुरता कळलेला असतो, आजार असता तर बहुतेक एव्हाना दिसला असता, आणि तिला दिवसाचे सोळा तास झोपायला आवडते, आपल्यालाही दुपारचे आवडते. आणि जात हवीच असा हट्ट नसेल तर इथल्या प्राणी संस्थांकडे मोठी, शांत मांजरे वाट पाहत असतात. ठाण्या-मुंबईतही तसेच.

पिल्लू घ्या की मोठे, करारात एक वाक्य जरूर लिहून घ्या, की कधीही, कोणत्याही कारणाने सांभाळता आले नाही तर ब्रीडर मांजर परत घेईल. चांगला माणूस हे स्वतःच लिहितो.

दुसरे एक काम आजच करता येईल. वॉर्डात असताना मी असे पेशंट पाहिले आहेत की छातीत दुखत असताना ॲडमिट व्हायला तयार नाहीत, कारण घरात कुलपाआड जनावर उपाशी आहे. म्हणून पाकिटात औषधांच्या चिठ्ठीमागे एक कार्ड ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: घरात मांजर आहे, किल्ली अमुक शेजाऱ्याकडे आहे, आणि त्याखाली दोन फोन नंबर. एक मुलाचा, एक शेजाऱ्याचा. मुलगा मीटिंगमध्ये असतो.